वाकड्या कोपऱ्याचं माप

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उल्हासनगरला जाऊन टेबल ठरवणं. रविवार होता. त्याच्या आदल्या दिवशी बाजारातनं भेंडी आणली होती. त्याच्या आधीचं आठवत नाही. शेवटचं आहे असं कुणी आधी सांगत नाही. सांगितलं असतं तर मी नीट वागलो असतो का, याचीही मला खात्री नाही.

टेबल कोपऱ्याचं होतं. इंग्रजी एल असतो तसं, दोन बाजू दोन भिंतींना लागतात. एका बाजूवर टायपिंगचं मशीन, दुसऱ्या बाजूवर कागद, आणि मधे बसणारा माणूस. ती त्याला टेबल म्हणायचीच नाही, ऑफिस म्हणायची. "मला ऑफिसला एक कोपरा पुरे," असं तिचं म्हणणं.

मी म्हणायचो, "कलेक्टरीणबाई, शिपाई कुठं बसवणार?"

"तो आहे की," ती म्हणायची, "खाटेवर घोरतोय."

ती मॅट्रिक झालेली, मी सातवी नापास. लग्नाआधी ती मराठी टायपिंग शिकली होती. आम्ही अंबरनाथला चाळीत राहायचो तेव्हाच तिने एक जुनं मशीन हेरून ठेवलं होतं, उल्हासनगरला कॅम्प दोनमधे एका भंगारवाल्याकडं. ते मी खांद्यावर टाकून घरी आणलं. वाटेत दोनदा फुटपाथवर ठेवलं, तेव्हा ती त्याच्यावर पदर धरून उभी राहिली, ऊन लागू नये म्हणून. लोखंडाला ऊन. मी हसलो होतो तेव्हा. नंतर तिने त्या मशीनवर सोळा-सतरा वर्षं लोकांचे अर्ज टाइप केले. रेशनकार्डात नाव घालायचं, नळाचं कनेक्शन, शाळेचा दाखला, सोसायटीची नोटीस, भाडेकराराचा मसुदा, जे येईल ते. लोक तोंडी सांगायचे आणि ती त्याचं सरकारी मराठी करायची. बाई रडत सांगायची की नवरा मारतो, आणि ही टाइप करायची की अर्जदार विनंतीपूर्वक कळवू इच्छिते. मी तिला म्हणायचो की तुझ्या मशीनमधे माणूस घातला की कागद निघतो.

मी अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होतो. कायमची रात्रपाळी मागून घेतली होती. रात्री साहेब कमी असतात, आणि मला माणसांचा तसाही कंटाळा. सकाळी आठला घरी यायचं, चहा-भाकरी खायची आणि झोपायचं ते चारपर्यंत. चाळीत असताना हे जमून जायचं. तेव्हा आमची मुलगी लहान होती, ती बाहेर खेळायची आणि मशीन शेजारणीच्या ओट्यावर चालायचं. मग आम्ही बदलापूरला घर घेतलं. पहिला मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीला एकच खिडकी. स्वयंपाकघराला जिन्याकडं उघडणारी एक जाळी, बस्स.

पहिल्याच दिवशी मी माझी खाट खिडकीखाली टाकली. वारा तिथंच होता. पण दिवसा झोपायचं म्हणजे उजेड नको, म्हणून मी खिडकीवर घोंगडी ठोकली. चार खिळे, वर दोन, खाली दोन. म्हणजे घरातली एकुलती एक खिडकी मी बंद केली आणि तिच्याखाली झोपलो. सगळं घर दिवसभर तिन्हीसांजेसारखं. मला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. मी रात्रभर राबतो, मला झोप पाहिजे, हिशेब संपला.

ती स्वयंपाकघरात काम करायची. धान्याचा पत्र्याचा डबा आडवा, त्याच्यावर पाट, पाटावर गोधडीची चौघडी आणि गोधडीवर मशीन. गोधडी अशासाठी की आवाज माझ्यापर्यंत येऊ नये. ती फतकल मारून बसायची आणि दार लोटून घ्यायची. मधे कुणी आलं तर जिन्यातच उभं करायची, तोंडावर बोट ठेवून. साऱ्या बिल्डिंगला माहीत होतं की मी झोपलेला असतो. पोरंसुद्धा आमच्या दारावरनं चपला हातात घेऊन जायची, आणि मला वाटायचं वळण चांगलं आहे पोरांना.

कार्बन घालून चार प्रती काढायच्या तर बटण जोरात ठोकावं लागतं, नाहीतर खालची प्रत उमटत नाही. ते काम ती संध्याकाळसाठी ठेवायची, मी उठल्यावर. दिवसा फक्त हलक्या हाताचं. असं कुणी टाइप करतं का? ती करायची. गुडघे गेले, पाठ गेली, चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी वाढला. दुपारी लाइट जायची, आमच्याकडं जायचीच, मग ती मेणबत्ती लावून बसायची. भर दुपारी, आणि बाहेर ऊन नुसतं आग ओकतंय.

तिने खिडकीकडचा कोपरा माझ्याकडं तीनदा मागितला. तीनदा मोजून सांगतो, कारण ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा मागणारी बाई नव्हती.

पहिल्यांदा मी म्हटलं, "आणि मी कुठं झोपू, मोरीत?"

दुसऱ्यांदा मी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

तिसऱ्यांदा ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली होती, घरात दोघंच. म्हणाली, "अहो, मी काय म्हणते ते ऐका तरी. तुमची खाट इकडं घ्या, स्वयंपाकघराच्या दाराशी. इथं रात्रंदिवस काळोख. तुम्हाला काळोखच पाहिजे ना? मग काळोखात झोपा की. उजेडाला कुलूप लावून कशाला झोपता?"

बोलणं बरोबर होतं. मला तेव्हाही कळलं होतं की बरोबर आहे. मी म्हटलं, "तिकडं वारा येत नाही."

"वारा!" ती म्हणाली. "पंखा काय आरतीला लावलाय?"

तरी मी कोपरा दिला नाही. उलट मोठेपणा दाखवला. म्हटलं, टेबल घेऊ तुला, चांगलं कोपऱ्याचं घेऊ, पण ते बसेल स्वयंपाकघराच्या दाराशी. तिने एकदा त्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "टेबल तर येऊ दे." त्या बोलण्यात काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

शनिवारी मी दाराशेजारच्या कोपऱ्याचं माप घेतलं. आता इथं माझी अक्कल सांगतो. दुसरा कुणी असता तर दोन बाजूंची लांबी मोजून मोकळा झाला असता. पण मी फिटर. मी कारखान्यातनं गुण्या आणला होता, काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, तो कोपऱ्याला लावला. कोपरा वाकडा निघाला. दोन फुटांत चार सूत, म्हणजे चांगला अर्धा इंच. आमच्या इकडच्या बिल्डिंगा अशाच बांधल्यात, गवंडी सकाळी एका भिंतीवर आणि दुपारी जेवून दुसऱ्या भिंतीवर. मला राग आला आणि आनंदही झाला. राग बिल्डरचा, आनंद माझा की मी पकडलं. तयार टेबल आणून ठेवलं असतं तर मागं फट राहिली असती आणि पेनं-पेन्सिली त्यात पडल्या असत्या. मी तिला हाक मारून दाखवलं.

"बघ, तुझं ऑफिस वाकडं आहे."

"सरकारी आहे ना," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

रविवारी उल्हासनगरला गेलो. फर्निचरच्या दुकानांची ओळ आहे तिथं, एका दुकानातनं बाहेर पडलं की दुसऱ्याने हाताला धरलंच. आम्ही चार दुकानं केली. प्रत्येक ठिकाणी ती एकच करायची. टेबलाच्या फळीवर मूठ आपटायची आणि कान देऊन ऐकायची. पॉलिश बघितलं नाही, खण उघडून बघितले नाहीत. मला लाज वाटायला लागली. चौथ्या दुकानातला सिंधी शेठ म्हाताऱ्यातला, गमत्या होता. तो म्हणाला, "वहिनी, कलिंगड नाही ते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "जे कमी बोंबलेल ते पाहिजे. घरी माणूस दिवसा झोपतो."

"दिवसा झोपतो?" शेठने माझ्याकडं बघितलं. "फिर तो टेबल कशाला, दूसरा आदमी देखो."

ती हसली. मी नाही हसलो. सगळ्यात कमी घुमणारी फळी त्याच्याकडची जाड प्लायची निघाली. मग ती स्टूल ओढून टेबलाशी बसली आणि दोन्ही हात फळीवर ठेवून टाइप करायला लागली. मशीन नाही, कागद नाही, नुसती बोटं. ओठ हलत होते. शेठ आणि मी दोघं बघत राहिलो. मग ती म्हणाली, "तीन इंच उंच आहे. मनगट लटकतं." शेठ म्हणाला, तीन इंच कमी करू, ऑर्डरने बनवू, त्यात काय.

मग मी माझा कागद काढला. कोपऱ्याचं चित्र, दोन्ही लांब्या, आणि वाकडेपणा सुतात लिहिलेला. त्याला म्हटलं, मागची कड अशी तिरकी कापायची, म्हणजे भिंतीला चिकटून बसेल, कागद शिरणार नाही मधे.

शेठने कागद उलटासुलटा केला. "भाऊ, भिंत तुमची वाकडी. माझं टेबल कशाला वाकडं करता?"

"भिंत बदलता येत नाही."

"मग हे टेबल दुसऱ्या कोपऱ्यात नाही बसणार. वापस नाही घेणार मी. सोच लो."

"सोचलंय," मी म्हटलं.

ती स्टुलावरनं उठली नव्हती. तिथनंच मला विचारलं, "म्हणजे हे टेबल दुसरीकडं कुठंच लागणार नाही?"

"कशाला लागायला पाहिजे? ज्या जागेचं त्या जागेला."

ती फळीवरचा लाकडाचा भुसा बोटाने गोळा करत बसली. मला वाटलं, माझ्या कारागिरीचं तिला कौतुक वाटतंय. खरंच सांगतो, असंच वाटलं. शेठने वहीत माप उतरवलं आणि बुधवारी दुपारी कापायला घेतो म्हणाला. आम्ही बाहेर आलो. तिथं गाडीवर दालपक्वान खाल्लं. तिने कच्चा कांदा काढून माझ्या बशीत टाकला, नेहमीसारखा. रिक्षात मधल्या सीटवर बसल्यावर म्हणाली, "तिथं ट्यूब तरी लावून द्याल ना?"

मी म्हटलं, "बघू."

सोमवार सोमवारसारखा गेला.

मंगळवारी मी सकाळी आलो, खाल्लं, झोपलो. लोक म्हणतात जवळच्या माणसाचं काही होतं तेव्हा कळतं, छातीत काहीतरी होतं, डोळा उघडतो. माझा उघडला नाही. मला काही कळलं नाही. मी चांगला गाढ झोपलो होतो. वरच्या मजल्यावरची एक बाई तिचा नळाचा अर्ज न्यायला आली होती, तिने दार वाजवून मला उठवलं. चार वाजून गेले होते. बाई म्हणाली, "काका, माफ करा, पण काकू दार उघडत नाहीत. मघाशी येऊन गेले, तेव्हापण नाही. म्हटलं तुमची झोप मोडेल, म्हणून जोरात वाजवलं नव्हतं."

मी स्वयंपाकघराचं दार ढकललं. ती मशीनवर डोकं ठेवून बसली होती. चष्मा खाली पडला होता. मला वाटलं डुलकी लागली. मी म्हटलं, "अगं, बाई आलीये." मग हात लावला.

डॉक्टर म्हणाला, हृदय. दोन तास तरी झाले असतील. म्हणजे ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा काही करता आलं असतं का, ते मी डॉक्टरला विचारलं नाही. त्या बाईलाही कधी बोललो नाही. तिने दार हळू वाजवलं, कारण साऱ्या बिल्डिंगला हळू वाजवायला मीच शिकवलं होतं.

मुलगी कल्याणहून आली, तिचा मामा आला. माणसं बसायला लागली तेव्हा मुलीने खिडकीवरची घोंगडी ओढून काढली. माणसांना एकमेकांची तोंडं दिसायला पाहिजेत म्हणून. उजेड आत आला. तिला त्या उजेडातच खाली ठेवलं होतं, खोलीच्या मधोमध. अंधार पडायच्या आत आम्ही तिला नदीवर नेलं. अग्नी मी दिला, मुलगा नाही आम्हाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला, आठ वाजता, झोपायला म्हणून खाटेवर बसलो. रात्रपाळी नव्हती तरी सवय. समोर दारापाशी तो दुसरा कोपरा. खोलीत सगळीकडं उजेड होता, तिथं नव्हता. दिवसा उजेडात मी तो कोपरा पहिल्यांदा बघत होतो. भिंतीवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, माप घेतानाच्या. शनिवारी मी त्या बॅटरी लावून केल्या होत्या. माप दिसायला मला बॅटरी लागली, आणि तिथं मी तिला अक्षरं बघायला बसवणार होतो. टेबल तिरकं कापायला सांगितलं होतं, म्हणजे तिने मागनं हळूच सरकवून खिडकीकडं नेलं असतं तर तेही जमलं नसतं. "टेबल तर येऊ दे" म्हणाली होती ती. तिचा तोच विचार असणार. टेबल एकदा घरात आलं की बघू, कुरकुर करतील चार दिवस, मग ऐकतील. आणि मी गुण्या लावून, सुतात मोजून, तिची ती एवढीशी वाट बंद केली होती.

मी उठलो आणि खाट ओढली. खाटेचे पाय फरशीवर करकरले तशी मुलगी आतनं आली.

"बाबा, काय करताय?"

"माप घ्यायचंय. टेप धर त्या टोकाला."

"कसलं माप? बाबा, बसा तुम्ही. चहा टाकते."

"धर म्हणतो ना."

तिने धरला. ती रडत होती, पण टोक हललं नाही, आईसारखीच. खिडकीखालची भिंत, मग आडवी भिंत. गुण्या लावला. हाही कोपरा वाकडाच, पण उलट्या अंगाने, तीन सूत. मी कागदावर उतरवलं, पुन्हा मोजून घेतलं आणि चप्पल घातली.

मेव्हणा दारात आडवा आला. "दाजी, कुठं निघालात? तुम्ही अग्नी दिलाय काल. लोक भेटायला येतील."

"उल्हासनगरला जाऊन येतो."

"आज? काय आहे आज उल्हासनगरला?"

"टेबलाचं माप चुकीचं दिलंय. दुपारी कापायला घेणार तो."

"अहो, आता टेबल कुणासाठी..." एवढं बोलून त्याने जीभ चावली. मग म्हणाला, "सुतक आहे दाजी आपल्याला."

"मला आहे. टेबलाला नाही."

मुलगी मामाला म्हणाली, "जाऊ दे त्यांना." मी गेलो.

त्या टेबलाचा कुणाला उपयोग नव्हता, हे मलाही कळत होतं. मी काही भ्रमिष्ट झालो नव्हतो. पण माझ्या हाताने दिलेलं चुकीचं माप एका माणसाच्या वहीत पडून होतं, आणि दुपारी त्यावर करवत चालणार होती. कारखान्यात चुकीचं माप गेलं तर ज्याने दिलं त्यानेच जाऊन मागं घ्यायचं असतं. दुसरं मागं घेण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

शेठ नुकतंच दुकान उघडून उदबत्ती फिरवत होता. मी पायरीखाली रस्त्यावरच उभा राहिलो. सुतकात कुणाच्या धंद्याच्या जागेत पाय ठेवू नये, एवढं मी पाळलं.

"या भाऊ, आत या. चहा मागवतो."

"नको. वही घेऊन इकडं या जरा. माप बदलायचंय."

तो वही घेऊन पायरीवर आला. मी नवा कागद दिला. "हे खिडकीकडच्या कोपऱ्याचं आहे. उंची तीच, तीन इंच कमी. फक्त कड उलटी तिरकी, तीन सूत."

त्याने कागद बघितला, मग माझ्याकडं बघून हसला. "रविवारी तर भाऊ म्हणत होते, सोचलंय. आखिर वहिनीचंच चाललं ना?"

"हो," मी म्हटलं.

"घराघरात हेच आहे. मी पण बायकोसमोर कधी जिंकलो नाही. वहिनी आल्या नाहीत?"

"नाही."

"त्यांना सांगा, पुढच्या बुधवारी टेबल तयार."

"पहिलं माप खोडा," मी म्हटलं. "माझ्यासमोर खोडा."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पहिल्या मापावर काट मारली. मी म्हटलं, नीट दिसत नाही, पेनाने मारा. तो आत जाऊन पेन घेऊन आला, दोन आडव्या रेघा मारल्या आणि खाली नवं माप लिहिलं. मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि कागदाशी एकेक आकडा पडताळून बघितला. बरोबर होता. मग मी चौकात जाऊन शेअर रिक्षात बसलो.